बहात्तर फुटांचा उतार आणि नानांची शेळी

गावाचं नाव मी सांगणार नाही. बुलढाणा जिल्ह्यात धाडच्या पुढे, डांबरी रस्ता सोडून आत गेलं की लागतं, एवढं पुरे. नाव न सांगण्याचं कारण असं, की मी तीस वर्षं पुण्यातल्या एका क्रीडा संघटनेच्या कार्यालयात नोकरी करते आहे आणि या तीस वर्षांत एकाही सरकारी-निमसरकारी कागदावर मी खोटं लिहिलेलं नाही. एक सोडून. तो एक कागद या गावापायी लिहिला गेला, आणि आमच्या कार्यालयातल्या कुणाला तिकडे चौकशीला जायची हुक्की येऊ नये अशी माझी मनापासून इच्छा आहे.

झालं होतं असं. महिलांची राज्यस्तरीय निमंत्रित कबड्डी स्पर्धा या गावाला मिळाली होती. त्याच सुमारास आमच्याकडे वरून आदेश आला, की यापुढे प्रत्येक मोठी स्पर्धा पर्यावरणपूरक असली पाहिजे, तिथे सर्वांना सहज जाता-येता आलं पाहिजे आणि कुणीही बाहेर राहता कामा नये. हे सगळं तपासायला चाळीस कलमांचा एक तक्ता तयार झाला. तीस गुण मिळाले तर स्पर्धा पुढच्या वर्षीही त्याच गावाकडे, नाहीतर दुसरीकडे. निरीक्षक म्हणून कोण जाणार, तर ज्याने या विषयाचं प्रशिक्षण घेतलंय तो. असं दीड दिवसाचं प्रशिक्षण कार्यालयात मी एकटीनेच घेतलं होतं. ते मी का घेतलं होतं, तर तिथे दुपारच्या जेवणात बासुंदी आहे असं मला कळलं होतं.

पहिला दिवस: सहा फूट

चिखलीला बसमधून उतरले तेव्हा मला घ्यायला सलीमभाई जीप घेऊन उभे होते. पन्नाशीचा माणूस, मेंदी लावलेली दाढी, गळ्यात मफलर. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे पाहिलं, मग बसमध्ये डोकावून आले.

"बाकीचे?"

"कोण बाकीचे? मी एकटीच."

"या खुदा," सलीमभाईंनी कपाळाला हात लावला. "पत्रात चाळीस लिहेल व्हतं. नानानं चाळीस मानसाईचे रोडगे लावले ना!"

चाळीस कलमं होती, माणसं नव्हेत, हे मी समजावून सांगितलं. पण रोडगे लागलेले होते, आणि पुढचे चार दिवस मी ते खाल्ले. रोडगा म्हणजे गव्हाच्या जाड पिठाचा, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेला गोळा. बाहेरून कडक, आतून पदर सुटलेला. तो कुस्करायचा, वर तुरीचं वरण, तूप, आणि बाजूला वांग्याची झणझणीत भाजी. पहिल्या दिवशी मी दोन खाल्ले आणि तृप्त झाले. चौथ्या दिवशी समोर आला तेव्हा मी त्याच्याकडे आणि त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि आम्ही एकमेकांना ओळखत नसल्यासारखं केलं.

धाडला आठवडी बाजार भरला होता, त्यामुळे जीप तिथे थांबलीच. सलीमभाईंनी दोरखंडाचं एक वेटोळं, चुन्याची गोणी आणि गोणीभर वांगी मागे टाकली. मी निरीक्षकाच्या नजरेने बाजार पाहत होते, म्हणजे पेरू खात होते. पुढचा रस्ता फार देखणा होता. तूर काढून झालेली काळी रानं, मध्येच हरभऱ्याचे हिरवे तुकडे, लांब अजिंठ्याच्या डोंगरांची निळी रेघ आणि बांधाबांधावर फुललेला पळस. पुण्यात आम्ही पळस पाहायला तिकीट काढून बागेत जातो आणि त्याच्याकडे पाठ करून फोटो काढतो.

गावात शिरल्याबरोबर शाळेचं मैदान. मैदानात भिजवून, चोपून तयार केलेलं कबड्डीचं आंगण, आणि त्याच्या एका टोकाला मंच. मंच पाहून मी थक्क झाले. पक्का, सिमेंटचा, छपराचा आणि उंच. म्हणजे चांगलाच उंच. त्याच्यासमोर पांढऱ्या टोपीतले, ठेंगणे, सत्तरीचे एक गृहस्थ हात मागे बांधून उभे होते. हे नाना, स्पर्धा समितीचे अध्यक्ष. मंच त्यांनी वडिलांच्या नावाने स्वखर्चाने बांधलेला होता.

"शेजारच्या गावचा पाच फूट हाये," नाना म्हणाले. "म्हून आपला सहा."

"आणि वर जायला?"

"पायऱ्या हायेत ना. अकरा. त्याह्यच्या नऊच."

मी तक्ता उघडला. कलम बावीस: मंचावर जाण्यासाठी उतार असावा, एक फूट उंचीला बारा फूट लांबी या प्रमाणात. मी तिथेच गुणाकार केला आणि आकडा मोठ्याने सांगितला. बहात्तर फूट.

सलीमभाईंनी नवा दोरखंड सोडला, मंचाच्या तोंडापासून टेपने मोजत बहात्तर फूट सरळ गेले आणि थांबले. ते कबड्डीच्या मध्यरेषेवर उभे होते.

"मंग पोरी उतारावर खेयतीन का?" नानांनी विचारलं. "आन म्याडम, एवढा उतार पायजे कोनाले? पाहुने त पायानं चढतात."

"मले पायजे, नाना," मागून आवाज आला.

हाताने पॅडल मारायची तीनचाकी सायकल, मांडीवर माइक, केसांत अबोलीचा गजरा. या रत्नाताई. वय पंचेचाळीसच्या आसपास, गावात शिलाईचं दुकान, आणि गेली एकोणीस वर्षं गावच्या कबड्डीचं समालोचन त्याच करतात. लहानपणी पोलिओ झाल्यापासून पाय चालत नाहीत. तोंडाच्या बाबतीत त्यांना कसलीच अडचण नाही हे मला पुढच्या दोन मिनिटांत समजलं. त्यांनी नानांना विचारलं, की चढणारे पाहुणे मंचावर जाऊन नेमकं काय करतात? नाना म्हणाले, बसतात. "बसाले अकरा पायऱ्या चढाव लागतात त्याह्यले," रत्नाताई मला म्हणाल्या. "मी त बसूनच येतो."

माझा मुक्काम रत्नाताईंच्याच घरी होता. घरात त्या आणि त्यांची भावजय सुमन. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली शिलाईयंत्र, आणि यंत्रावर स्पर्धेच्या आठ संघांचे गणवेश. संध्याकाळी जेवताना (रोडगे) मी सहज विचारलं, एकोणीस वर्षांतला सगळ्यात चांगला अंतिम सामना कुठला?

रत्नाताई हसल्या. "मले काय माहीत? मी एकबी पाह्यला नाई."

मला वाटलं गंमत करतायत. मग त्यांनी सांगितलं. या भागात एक रीत आहे. सामन्याची शेवटची पाच मिनिटं कुणीही बसून पाहत नाही. पोरी जीव तोडून खेळत असताना आपण बूड टेकून बसायचं म्हणजे त्यांचा अपमान, असं समजतात. पंचांची शिट्टी झाली, पाच मिनिटं उरली, की म्हातारे-कोतारे, लेकुरवाळ्या, सगळे ताडकन उभे. पुण्यात आम्ही फक्त राष्ट्रगीताला उभे राहतो, आणि नाट्यगृहात मध्यंतराच्या आधी एक मिनिट, वडा मिळावा म्हणून. त्यामुळे मला ही रीत ऐकून भरूनच आलं. पण मंचाखाली तीनचाकीत बसलेल्या रत्नाताईंना त्या पाच मिनिटांत काय दिसतं?

"पाठी," त्या म्हणाल्या. "नुसत्या पाठी, ताई. अन् पाठीच्या खालचंबी. मंग मी समोरच्याले विचारतो, काय झालं बे? तो सांगते, मी माइकमदी बोलतो. मैदानात मागं हजार मानूस हाये, त्याह्यलेबी काई दिसत नाई. ते माह्या आवाजावर सामना पाह्यतात, अन् मी समोर उभ्या बाबुरावच्या आवाजावर."

एका वर्षी समोरचा माणूस परगावचा निघाला. त्याने आपलाच संघ जिंकला असं ठोकून दिलं, रत्नाताईंनी तेच जाहीर केलं, आणि त्या संघाने करंडक जीपमध्ये टाकून पोबारा केला. तो करंडक अजून परत आलेला नाही. गावजेवणात कुणी ना कुणी तो विषय काढतंच.

"लोक थट्टा करतात, मले काई वाटत नाई," गणवेशाचा दोरा दातांनी तोडत त्या म्हणाल्या. "पन एक फायनल मले माह्या डोयानं पाह्याची हाये. शेवटच्या चढाईपावतर. एकच. मंग माइक कोनालेबी द्या."

तोवर मी हा प्रवास सरकारी कामाचा समजत होते. त्या क्षणापासून तो माझा झाला, हे मी कबूल करते.

दुसरा दिवस: कुटार

सकाळी नाना उत्साहात आले. रात्री त्यांना तोडगा सुचला होता. एवढा लांब उतार हवाच कशाला? मंचाला दोन जाड फळ्या लावायच्या, झालं. "आमचं ट्रॅक्टर याच्याहून खड्या चढावर चढते. तीनचाकी काऊन नाई चढनार?"

पाहिलं तर खरंच फळ्या लावून ठेवलेल्या. त्या चढाकडे पाहून मला सिंहगडाची आठवण झाली. मी रत्नाताईंकडे पाहिलं. रत्नाताईंनी माझ्याकडे पाहिलं.

"पयले म्याडमले बसवा," त्या म्हणाल्या. "तक्ता त्याह्यचा हाये."

आता इथे नाही म्हणणं मला शोभलं नसतं. मी तीनचाकीत बसले, तक्ता छातीशी धरला, सलीमभाई मागून ढकलायला लागले आणि नाना वरून दोरखंड ओढायला. अर्ध्यापर्यंत आम्ही फार दिमाखात गेलो. मग सलीमभाईंच्या फोनवर घंटी वाजली. माझा त्यांच्यावर राग नाही. एक हात खिशात घालायचा मोह कुणालाही झाला असता. नानांनी दोर एकट्याने धरून ठेवायचा प्रयत्न केला आणि ते मंचाच्या कडेपर्यंत सरकत आले, तेव्हा त्यांनी दोर सोडला, तेही मला मान्य आहे. मी उलटी, पाठीमागे, आकाशाकडे बघत, कुणीही आजवर काढला नसेल असा आवाज काढत खाली आले आणि मैदानाच्या कडेला रचलेल्या तुरीच्या कुटारात घुसले. कुटार म्हणजे मळणीनंतर उरलेला भुसा. तो मऊ असतो आणि सगळीकडे जातो. पुण्याला परतल्यावर आठवडाभर माझ्या कानांतून तूर निघत होती.

मला बाहेर काढलं. तीनचाकी धड होती, मी धड होते. तक्ता मात्र हातातून उडाला होता. त्याची पानं मैदानात पसरली होती आणि शेवटच्या पानापाशी एक काळी शेळी उभी होती. मी ओरडले, तेव्हा तिने पान तोंडात घेतलं. सलीमभाई धावले, तेव्हा तिने ते गिळलं. तेहतीस ते चाळीस ही आठ कलमं गेली.

"कोणाची शेळी आहे ही?" मी कडाडले.

सगळे नानांकडे पाहायला लागले. नाना शेळीकडे पाहत होते.

"म्याडम," थोड्या वेळाने ते खालच्या आवाजात म्हणाले, "निरीक्षनाचा कागद खाल्ला म्हंजे गुन्हा व्हतो का?"

"सगळी कलमं मला तोंडपाठ आहेत," मी म्हटलं. मला तेहतीस आणि चौतीस आठवत होती.

पण त्या घसरगुंडीने एक काम झालं. मी कुटारात गेलेली पाहून बहात्तर फुटांना कुणाचा विरोध उरला नाही. मैदानातून सरळ जागा नव्हती, म्हणून सुमनने सुचवलं, की उतार शाळेच्या भिंतीला धरून न्यावा, कडुलिंबाला वळसा घालावा, तिथे थोडी सपाट जागा दम खायला ठेवावी आणि मग मंचाला भिडवावा. दुपारी चार ट्रॅक्टर मुरूम घेऊन आले. बायकांनी पाणी मारलं, बाप्यांनी धुम्मस घेऊन चोपलं, संध्याकाळी वरून शेणाचा सडा पडला. सिमेंट नाही, लोखंड नाही, आणि पुढे कधी नको झाला तर मुरूम रस्त्यावर टाकता येईल. प्रशिक्षणात आम्हाला दीड दिवस जे पडद्यावर दाखवलं होतं ते इथे साडेचार तासांत झालं. फक्त बासुंदी नव्हती.

दिवस मावळायच्या आत रत्नाताई एकट्या, कुणाचा हात न लागता, पॅडल मारत वर गेल्या. मंचावर पोचून त्यांनी तीनचाकी वळवली आणि सगळं मैदान या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. मग खाली बघून म्हणाल्या, "नाना, तुमच्या टोपीले मागून भोक पडलं."

तिसरा दिवस: खारोड्या

सकाळी सात वाजता मी उताराची पाहणी करायला गेले आणि उतार दिसेना. त्या जागी जुन्या लुगड्यांचा एक लांबच लांब पट्टा होता, आणि त्याच्यावर, अगदी कडुलिंबाच्या वळशापर्यंत, खारोड्या.

खारोडी म्हणजे बाजरीचं भरड पीठ तीळ, लसूण, मिरची घालून शिजवायचं, त्याचे चिमूट-चिमूट तुकडे तोडून उन्हात वाळवायचे आणि मग वर्षभर शेंगदाण्यांबरोबर खायचे. फेब्रुवारी सरत आला की या भागातल्या बायकांना स्वच्छ, सारवलेली, उन्हाची जागा लागते. आणि गावाने काल संध्याकाळी बहात्तर फुटांची तशी जागा तयार करून ठेवली होती. सुमन मधोमध बसून खारोड्या तोडत होती.

"सुमनताई, हा उतार रत्नाताईंसाठी आहे!"

"हो ना. त्याह्यले दहा वाजता लागते. तवरोक वरची बाजू सुकते." तिने एक ओलसर खारोडी माझ्या हातावर ठेवली. "पाहा बरं, मीठ बरोबर हाये का?"

उतार नेहमी मोकळा असावा, असं कलम तेवीस सांगतं. मी ते तिला वाचून दाखवणार होते. पण तेवढ्यात मला पुण्यातल्या आमच्या सोसायटीचा उतार आठवला. तळमजल्यावरच्या आजींच्या चाकाच्या खुर्चीसाठी तो बांधला, त्याला नारळ फोडला, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यावर स्कूटर उभ्या राहतात. पहिली स्कूटर माझी. मला लाज वाटली. निदान इथे दहा वाजता उचलणार तरी होते. मी गप्प बसून खारोडी खाल्ली. मीठ बरोबर होतं. मग खात्री करायला अजून सहा-सात खाल्ल्या.

दहाला खरंच सगळं उचललं गेलं आणि सामने सुरू झाले. कलम अकरा, कचऱ्याचं वजन, हेही त्या दिवशी उरकलं. जेवण पळसाच्या पत्रावळींवर होतं, पाणी रांजणात. सलीमभाईंनी कापूस तोलायचा काटा आणला, उष्ट्या पत्रावळींचं गाठोडं त्याला लटकवलं, आणि मी आकडा लिहून घेईपर्यंत नानांच्या शेळीने गाठोड्याला खालून भगदाड पाडलं. दर वेळी काट्यावर पाहावं तर आकडा उतरलेला. शेवटी मी "निरंक होण्याच्या मार्गावर" असं लिहिलं.

दुपारी उपांत्य सामना. रत्नाताई मंचावर, माइक हातात, आणि काय त्यांचं ते बोलणं! "आली, आली, जळगाव जामोदची डावखुरी आली! पाहा कशी चालून राह्यली, जशी काई शेजारनीकडं इरजन मागाले आली! अन् घेतला ना बोनस!" मैदान हसत होतं, ओरडत होतं. मी मंचाच्या कोपऱ्यात उभी राहून स्वतःवर बेहद्द खूश होते.

मग शिट्टी झाली. पाच मिनिटं उरली. सगळं मैदान उभं राहिलं. आणि मंचावर रत्नाताईंच्या पुढे सोफ्यांवर बसलेले सगळे मान्यवर, नानांसकट, आदराने ताडकन उभे राहिले.

रत्नाताईंचा आवाज एकदम अडखळला. मी पाहिलं, तर त्यांच्या पुढे इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टांची भिंत होती. त्यांनी माइकवर हात ठेवला आणि पुढच्या शर्टाला विचारलं, "काय झालं वो साहेब?"

एकोणीस वर्षं खालून पाठी दिसायच्या. आता सहा फुटांवरून दिसत होत्या. संध्याकाळी त्या मला म्हणाल्या, "इथल्या पाठी स्वच्छ हायेत, एवढं खरं." आणि हसल्या. मला मात्र हसू आलं नाही. मी इतकी चिडले होते, की त्या दिवशी एकच रोडगा खाल्ला.

चौथा दिवस: कलम अडतीस

मान्यवरांना बसायला सांगावं तर गावाची रीत मोडते. रत्नाताईंना पुढे बसवावं तर नाना म्हणाले, पाहुण्यांना पाठ होते, तो त्यांचा अपमान. सकाळभर मी दोन्ही बाजूंनी विचार केला. शेवटी मंचासमोर समितीची बैठक भरली, तेव्हा मी तक्ता घेऊन उभी राहिले आणि घसा साफ केला.

"एक कलम सांगायचं राहिलं. अडतीसावं. अंतिम सामन्याच्या वेळी मंचावर समालोचकाखेरीज कुणीही असू नये."

नानांनी हात पुढे केला. "दाखवा."

"दाखवलं असतं, नाना. पण ते पान शेळीने खाल्लं."

मी खोटं बोलत होते. माझे कान तापले होते आणि त्यांत अजून तूर होती. नाना माझ्याकडे एकटक पाहत राहिले. मला वाटतं त्यांना कळलं होतं.

"हा मंच माह्या बापाच्या नावाचा हाये, म्याडम," ते म्हणाले. त्यांचा आवाज दुखावलेला होता आणि मला वाईट वाटलं. "त्याच्यावर कोनं बसाव हे आता शेळी ठरवन का?"

"शेळी तुमचीच आहे, नाना."

सलीमभाईंनी मफलर तोंडात कोंबला. नाना वळले. कडुलिंबाखाली रत्नाताई माइकची वायर गुंडाळत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, काही मागितलंही नाही. नाना बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिले. मग त्यांच्याजवळ जाऊन आपली काळी छत्री तीनचाकीच्या मुठीला अडकवली.

"वर दुपारी तिरपं ऊन येते, रत्ने," ते म्हणाले. "ठेव जवळ."

सोफे खाली आले. पाहुण्यांना पहिली रांग मिळाली, आणि यजमान म्हणून नाना स्वतः पाचव्या रांगेत गेले. मीही त्यांच्या शेजारीच होते. उतारावर, कडुलिंबाच्या वळशापर्यंत, गावातल्या सगळ्या म्हाताऱ्या बसल्या होत्या, कारण यापेक्षा चांगली गॅलरी अख्ख्या तालुक्यात नव्हती. पण तीनचाकीपुरती वाट त्यांनी मधून सोडली होती. त्या वाटेने रत्नाताई वर गेल्या, म्हाताऱ्यांनी त्यांच्या पाठीवर थापा मारल्या, आणि सहा फूट उंच, अकरा पायऱ्यांच्या, रिकाम्या मंचावर त्या एकट्या, छत्री उघडून बसल्या.

अंतिम सामना जळगाव जामोद आणि सांगली. तो कसा झाला हे मी सांगू शकत नाही, कारण शिट्टी झाल्यावर मलाही पाठीच दिसत होत्या. माझ्या पुढे एक अतिशय रुंद गृहस्थ होते. मी आणि नाना, दोघेही ठेंगणे, टाचा उंच करून काही उपयोग होत नाही हे लक्षात आल्यावर कर्ण्याकडे कान लावून उभे राहिलो. रत्नाताई सांगत होत्या, आम्ही पाहत होतो. बरोबरी झाली. वेळ संपत आली. "शेवटची चढाई," रत्नाताईंचा आवाज आला, "डावखुरी निंगाली. मध्यरेषा वलांडली. उजव्या कोपऱ्यात गेली. पाय घातला..."

आणि आवाज थांबला.

जळगाव जामोदच्या मुली एका गुणाने जिंकल्या, हे मला नंतर कळलं. आमच्या कार्यालयात परतल्यावर मी तक्त्याची कोरी प्रत काढून पाहिली, तेव्हा खरं अडतीसावं कलम स्मृतिचिन्हं पुन्हा वापरता येतील अशी असावीत, असं होतं हेही कळलं. ते मी खोडून माझं लिहिलं, पूर्ण गुण दिले आणि सही केली. सोसायटीच्या उतारावरून स्कूटरही काढली. पण हे सगळं नंतरचं. त्या वेळी कर्ण्यातून नुसती खरखर येत होती, पुढून आरोळ्या उठत होत्या, मागचे हजारभर लोक श्वास रोखून उभे होते आणि कुणालाच काही समजत नव्हतं. आम्ही सगळ्यांनी वळून मंचाकडे पाहिलं. रत्नाताई तीनचाकीत पुढे झुकून, तोंड उघडं ठेवून, मैदानाकडे पाहत होत्या. माइक मांडीवर पडला होता.

नानांना राहवेना. त्यांनी टोपी काढली, टाचा उंचावल्या, समोरच्या रुंद पाठीवरून काहीच दिसेना, तेव्हा दोन्ही हात तोंडाशी धरून ते मंचाकडे ओरडले, "रत्ने! काय झालं वो? सांग ना!"

मांडीवरचा माइक चालूच होता.

"थांबा, नाना," कर्ण्यातून आवाज आला. "मी पाहून राह्यली."